दुखणे अंगावर काढणे हा नेम नव्हे

आपल्या संप्रदायात नेमाला फार मोल आहे. गळ्यात तुळशीची माळ पडली की एकादशी, नित्याचा हरिपाठ आणि पंढरीची वारी हे नेम माणूस जिवापाड सांभाळतो. ऊन लागो, पाऊस लागो, पायाला फोड येवोत, दिंडी पुढे चालते. हे सोसण्याचे बळ नामातून येते, याविषयी वाद नाही. परंतु या चांगल्या नेमांच्या आडोशाने एक वाईट खोडही आपल्यात शिरली आहे, आणि ती नेमासारखीच दिसत असल्यामुळे चटकन ओळखू येत नाही. ती खोड म्हणजे दुखणे अंगावर काढणे.

छातीत भरून आले, हाताला बधिरपणा आला, महिनाभर खोकला हटला नाही, अंगावरून रक्त जाऊ लागले, तरी कोणाजवळ बोलायचे नाही. कोणी विचारलेच तर "काही नाही हो माउली, वय झालं आता, चालायचंच" एवढे उत्तर. घरी हेच, वाटेवर हेच. आणि मग जे दुखणे पहिल्या दिवशी दाखवले असते तर बरे झाले असते, ते हाताबाहेर गेल्यावर घरच्यांना कळते.

म्हणून येथे तीन गोष्टींचा विचार करावयाचा आहे. दुखणे लपवण्याला शास्त्राचा आणि संतांचा आधार आहे काय, ही पहिली. कोणते लक्षण दिसल्यावर किती वेळ थांबावे, ही दुसरी. आणि दिंडीने व घरच्यांनी काय करावे, ही तिसरी.

१. देह आणि भजन

संत देहाविषयी दोन तऱ्हांनी बोलतात. एकीकडे ते सांगतात की देह नाशवंत आहे, त्याचा अभिमान धरू नये. दुसरीकडे तेच सांगतात की नरदेह दुर्लभ आहे, भजन याच देहात घडते. भोळ्या माणसाला यात विरोध दिसतो. पण विरोध नाही. विणेकऱ्याचे उदाहरण घ्या. तो वीण्याच्या लाकडाची आसक्ती धरत नाही, पण तार उतरली तर क्षणभर थांबून ती लावून घेतो. उतरलेल्या तारेवर तसेच भजन रेटणाऱ्याला कोणी विरक्त म्हणत नाही. आणि विणेकरी थकला म्हणजे तो वीणा खाली ठेवत नाही, दुसऱ्याच्या गळ्यात देतो. भजन अखंड राहते आणि माणसाला विसावाही मिळतो. आपल्या पूर्वजांनीच ही सोय लावून ठेवली आहे.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंताने अर्जुनाला शीत-उष्ण, सुख-दुःख सोसण्यास सांगितले आहे, हे खरे. पण त्याच गीतेच्या सतराव्या अध्यायाच्या आरंभी, शास्त्र सोडून हट्टाने देहाला पीडा देणाऱ्यांची निंदाही केली आहे. असे लोक देहातील भूतांना आणि देहात राहणाऱ्या भगवंतालाच कष्ट देतात, असे तेथे म्हटले आहे. तेव्हा सोसणे निराळे आणि देहाची हेळसांड करणे निराळे. एकाला तितिक्षा म्हणतात. दुसऱ्याची गीता निंदा करते.

मग सोसावे काय आणि सांगावे काय? साधी कसोटी अशी. जे ओळखीचे आहे आणि विसाव्याने उतरते, ते सोसावे. चालून पोटऱ्या भरल्या, खांदा अवघडला, रात्री झोप झाली की सकाळी बरे वाटले, हे सोसण्यापैकी. परंतु जे नवे आहे, म्हणजे पूर्वी कधी झाले नव्हते. जे दिवसागणिक वाढते आहे. किंवा जे विसावा घेऊनही उतरत नाही, ते सांगावे. नवे, वाढते आणि न उतरणारे, हे तीन शब्द ध्यानात ठेवावेत. छातीचे दुखणे आणि लकव्याची लक्षणे यांना मात्र ही कसोटीही लावू नये. ती आपोआप उतरली तरी सांगायचीच. त्याचे कारण पुढे येईल.

२. शंका आणि समाधान

शंका : जे प्रारब्धात आहे ते चुकत नाही. मग डॉक्टरकडे धावून काय होणार?

समाधान : भूक लागणे हेही प्रारब्धच आहे. तरी पंगत बसली म्हणजे आपण पान मांडून बसतोच. "प्रारब्धात असेल तर पोट भरेल" म्हणून कोणी दूर उभा राहत नाही. आजार जसा प्रारब्धाने आला, तसा जवळ दवाखाना असणे, सांगायला तोंड असणे, न्यायला शेजारी असणे हेही प्रारब्धानेच आले. अर्धे प्रारब्ध मानून उरलेले अर्धे नाकारणे हा न्याय नव्हे.

शंका : मध्येच दवाखान्यात गेलो तर वारी मोडेल. इतक्या वर्षांचा नेम चुकेल.

समाधान : ज्या देवाच्या दर्शनाला आपण निघालो, तो विटेवर का उभा आहे हे आठवावे. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. देव दारी आला, तरी तो सेवा टाकून उठला नाही. वीट भिरकावली आणि थांबायला सांगितले. देव रागावला नाही, थांबला. आपल्या सगळ्या वारीचे मूळ त्या थांबण्यात आहे. म्हाताऱ्या थकल्या देहांची सेवा पूर्ण होईपर्यंत जो उभा राहिला, तो तुमची छाती तपासून होईपर्यंत उभा राहणार नाही काय? अरणच्या सावता महाराजांविषयीही परंपरा हेच सांगते की ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला. एका वर्षाची वारी फलटणच्या दवाखान्यात थांबली, म्हणून ती रुजू झाली नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? शिवाय जीव राहिला तर पुढच्या वारीला वाट मोकळीच आहे.

शंका : आधी अंगारा लावू, काढा घेऊन बघू, दोन दिवस वाट पाहू. मग नाहीच उतरले तर जाऊ.

समाधान : अंगारा लावावा, तीर्थ घ्यावे, नाम घ्यावे. मनाला धीर येतो. पण हे सगळे दवाखान्याच्या वाटेवर करावे. नाम गाडीत बसूनही घेता येते. किरकोळ सर्दी-पडशाला घरचा काढा चालेल. परंतु पुढे सांगितलेल्या लक्षणांत "दोन दिवस बघू" हेच सगळ्यांत मोठे कुपथ्य आहे.

शंका : माझ्यापायी दिंडी अडेल, मुलांना खर्च येईल. कशाला कोणाला त्रास?

समाधान : हा विचार मायेचा आहे, पण हिशेब उलटा आहे. पहिल्या तासात सांगितले तर एक माणूस सोबत जातो आणि दिंडी पुढे चालते. रात्री पालात कोसळल्यावर सगळी दिंडी अडते. पहिल्या महिन्यात दाखवलेली गाठ थोड्या उपचारांत निघण्याचा संभव असतो. वर्षाने दाखवली तर जमीन विकायची पाळी येते. त्रास वाचवायचा असेल तर लवकर सांगणे हाच उपाय.

३. कोणते लक्षण, किती वेळ

सगळी दुखणी सारखी घाईची नसतात. म्हणून वेळेप्रमाणे तीन वाटे करून सांगतो.

(अ) ज्यांत घटकाभरही थांबू नये

एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे. पुढील लक्षणांत तेवढाही काळ घालवू नये. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका विनामूल्य येते. ही सेवा २०१४ सालापासून चालू आहे. वारीच्या वाटेवर वैद्यकीय पथकेही असतात.

छाती : छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखे, आवळल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे वाटणे, ते डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणे, दरदरून घाम, मळमळ, धाप. समजा, दिवेघाट चढताना एखाद्या माउलीला असे झाले. ती म्हणते, "पित्त झालंय, सासवडला गेल्यावर बघू." ही चूक करू नये. जागीच खाली बसावे, पुढे एक पाऊलही चालू नये, आणि १०८ ला कळवावे. हृदयाला रक्त देणारी नळी गुठळीने बंद झालेली असेल तर हृदयाचा तेवढा भाग मिनिटामिनिटाने मरत जातो. नळी जितकी लवकर मोकळी होईल तितके हृदय वाचते. मोकळी करण्याचे उपाय आहेत, पण ते वेळेत पोहोचलेल्याला मिळतात. डॉक्टरांनी सांगितले तर अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून घ्यावी. एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी : बायकांना, वृद्धांना आणि साखरेचा आजार असलेल्यांना छातीत फारसे न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. नुसती धाप, घाम, एकाएकी आलेला गळाठा एवढेच दिसते. आणि दुखणे थोड्या वेळाने थांबले तरी गाफील राहू नये. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा निरोप असू शकतो.

लकवा : तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय एकाएकी लुळा अथवा बधिर पडणे, बोबडी वळणे, एकाएकी दिसेनासे होणे. ओळखण्याची सोपी रीत अशी. माणसाला हसायला सांगा, दोन्ही हात पुढे उचलायला सांगा, आणि "रामकृष्णहरि" म्हणायला सांगा. तोंड वाकडे झाले, एक हात खाली पडला किंवा शब्द अडखळले, तर लकवा समजून निघावे. मेंदूची रक्तवाहिनी बंद पडली म्हणजे सरासरीने दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी नष्ट होतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सी. टी. स्कॅन करावा लागतो. कारण मेंदूत गुठळी झाली की रक्तस्राव झाला, हे वरून कळत नाही. आणि म्हणूनच लकव्यात कोणतीही गोळी मनाने देऊ नये. माणूस शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावी. दहा मिनिटांत हात पुन्हा हलू लागला, बोलणे सुधारले, तरी त्याच दमात जावे. पुढचे दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात.

उष्माघात : ज्येष्ठ वद्यात पालख्या निघतात तेव्हा कधी पाऊस लांबलेला असतो. अंग तापून लाल झाले, माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर ही केवळ दमणूक नव्हे. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगभर पाणी शिंपडून वारा घालावा, काखेत व मानेला गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात आणि दवाखान्यात हलवावे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते.

साप आणि विंचू : पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यारीचे भय असते. मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते. दुखत नाही, खूणही पुष्कळदा दिसत नाही. पहाटे पोटात कळा, पापण्या जड होऊन मिटणे, गिळता न येणे, बोलणे घोगरे होणे, एवढ्यावरून ओळखायचे. अशा वेळी "रात्रीचं जेवण बाधलं" म्हणून स्वस्थ बसू नये. चिरा देऊ नये, चोखू नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. हातपाय न हलवता आडवे ठेवून सरकारी रुग्णालयात न्यावे; सर्पविषावरचे इंजेक्शन तेथे मिळते. विंचू चावल्यावर नुसत्या आगीपेक्षा घाम, उलटी, हातपाय गार पडणे आणि धाप ही लक्षणे वाईट. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी पुष्कळ मुले दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि मृत्यू फार घटले. पण गोळीही वेळेवर पोटात जावी लागते.

साखर उतरणे : मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जो निर्जळी अथवा कडक एकादशी करतो, त्याची साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, घाबरे होणे, भ्रमिष्टासारखे बोलणे ही लक्षणे. शुद्ध असेल तर लगेच साखर किंवा गूळ द्यावा, आणि उपास मोडला म्हणून खंत करू नये. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. एकादशीला औषध कसे घ्यावे हे दशमीच्या आतच डॉक्टरांना विचारून ठेवणे उत्तम.

(आ) ज्यांत त्याच दिवशी दाखवावे

जुलाब आणि उलट्या : एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या यात्रेत पटकीची साथ येत असे आणि यात्रेकरू गावोगाव परतताना ती पसरत असे. त्या रोगात माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजण्याचा उपाय हजारो रुग्णांवर केला, आणि शंभरात तीसच्या घरात असलेले मृत्यू चारच्याही खाली आले. तीच ही जलसंजीवनी, म्हणजे ओ. आर. एस. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून, चहाच्या चमच्याचे माप धरून, घोटघोट पाजावे. पहिल्या जुलाबापासून हे सुरू करावे. तोंड कोरडे पडेपर्यंत थांबू नये. शौचातून रक्त, उलटीमुळे पाणी न टिकणे, लघवी बंद होणे, डोळे खोल जाणे, गुंगी येणे, यांपैकी काहीही दिसले तर लगोलग दवाखाना.

पायाची जखम : मधुमेह्याला पुष्कळदा पायाला संवेदना नसते. खडा रुतला, फोड फुटला, तरी कळत नाही. म्हणून त्याने अनवाणी चालण्याचा हट्ट धरू नये आणि रोज संध्याकाळी तळवे स्वतः बघावेत, किंवा दुसऱ्याकडून बघून घ्यावेत. जखम लाल, सुजलेली, काळसर किंवा वास येणारी दिसली तर त्याच दिवशी दाखवावी. आज मलमपट्टीने भागेल, पंधरा दिवसांनी बोट किंवा पाय काढावा लागेल, असा हा प्रसंग आहे.

इतर : शौचास डांबरासारखे काळे होणे, एकाच पोटरीला सूज येऊन दुखणे, थंडी वाजून कडक ताप, तापात अंगावर लाल ठिपके, लघवी फार कमी होणे. ही त्याच दिवशी दाखवावीत. रक्ताची उलटी झाली, किंवा तापाबरोबर धाप अथवा बरळणे असेल, तर तो पहिल्याच वाट्यातला प्रसंग समजावा.

(इ) ज्यांत पंधरा दिवसांहून अधिक थांबू नये

ही लक्षणे दुखत नाहीत, म्हणूनच फसवतात. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला : थुंकी तपासून घ्यावी, क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत असतात. तोंडातील न भरणारा चट्टा किंवा व्रण, तोंड पुरते न उघडणे : तंबाखू आणि मिश्री लावणाऱ्यांनी हे विशेष पाहावे. मान, काख, स्तन यांत गाठ. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणे. कारण नसता वजन उतरणे, शौचाची सवय बदलणे, गिळताना घास अडकणे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, ज्याला टोचलेले कळत नाही : हा कुष्ठरोग असू शकतो, तो औषधाने पूर्ण बरा होतो, आणि लवकर औषध घेतले तर हातपाय वाकडे होत नाहीत. तो लपवण्यात कसलीच प्रतिष्ठा नाही.

४. बार्शीकडचा अनुभव

लवकर सांगण्याने खरोखर फरक पडतो काय, असे कोणी विचारील. याचे उत्तर पंढरीच्या शेजारीच आहे. पंढरीची एकादशी करून बार्शीच्या भगवंताच्या चरणी द्वादशी सोडण्याची चाल आपल्याकडे आहे. त्याच बार्शीत नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे, आणि तेथे १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३०० हून अधिक गावे तीत होती.

नोंद करायची तर रुग्ण कळला पाहिजे. आणि खेड्यातली बाई आपले दुखणे कोणाला सांगत नव्हती. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. चावडीवर, देवळात, घरात बसून धोक्याची लक्षणे समजावून सांगू लागले आणि ज्यांना ती होती त्यांना तपासणीला येण्यास विनवू लागले. नवी यंत्रे गावात नेली नव्हती. लक्षणे सांगणे आणि दाखवायला आणणे एवढेच मुख्य काम होते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले की गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आधीच्या, बऱ्या होण्याजोग्या अवस्थेत सापडणाऱ्या बायकांचे प्रमाण काही वर्षांतच वाढले. म्हणजे लाज सोडून बोलल्याने रोग लवकर सापडला.

याच भागात पुढची पायरीही गाठली गेली. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षांच्या सुमारे १ लाख ३१ हजार निरोगी स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटाची एच. पी. व्ही. ही तपासणी आयुष्यात एकदाच केली, त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आले. त्या स्त्रिया आपल्याच मायबहिणी होत्या. त्यांतल्या कित्येकींच्या घरी माळ आणि वारी असणार. म्हणून प्रत्येक माळकरी घरातील स्त्रीने, काही होत नसले तरी, जवळच्या सरकारी रुग्णालयात या तपासणीची चौकशी करावी. आणि अंगावरून जात असेल तर सुनेला, लेकीला, आशाताईला त्याच आठवड्यात सांगावे. पुरुषांनीही घरातल्या बाईला "काय होतंय?" असे विचारण्याची सवय लावावी. पुष्कळदा तिला कोणी विचारतच नाही, म्हणून ती सांगत नाही.

५. दिंडीचे आणि घराचे कर्तव्य

पालखीच्या तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतात आणि सगळा समाज निःशब्द होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात, आणि तिचे गाऱ्हाणे ऐकून घेतल्यावाचून पुढे जात नाहीत. गाऱ्हाणे असताना गप्प बसणे ही वारीची शिस्तच नव्हे. ते वेळेवर आणि योग्य जागी मांडणे ही शिस्त आहे. देहाच्या गाऱ्हाण्याला हाच नियम लावावा.

त्यासाठी दिंडीचालकांनी पुढील गोष्टी कराव्यात. रोज मुक्कामाला पोचल्यावर प्रत्येकाला, विशेषतः साठीपुढच्यांना, "आज काही नवं दुखतंय का?" असे नाव घेऊन विचारावे. "सगळे ठीक ना?" असे घोळक्याला विचारले तर सगळे "ठीक" म्हणतात. प्रत्येकाच्या पिशवीत एक चिठ्ठी असावी : नाव, गाव, घरचा फोन, असलेले आजार, चालू औषधे, न सोसणारी औषधे. रोजच्या गोळ्या दोन पिशव्यांत विभागून ठेवाव्यात, म्हणजे एक हरवली तरी खंड पडत नाही. रक्तदाबाची आणि साखरेची गोळी वारीत बंद करू नये. निघण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस तपासणी करून घ्यावी. आजारी माणसाला एकट्याने दवाखान्यात धाडू नये, आणि तो परत आला तर "वारी अर्धी सोडली" असे चुकूनही कोणी म्हणू नये. असे एक वाक्य ऐकले की पुढच्या वर्षी दहा माणसे दुखणे लपवतात.

नाथमहाराजांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. रामेश्वरासाठी काशीहून आणलेली गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतली. बरोबरचे लोक हळहळले; नाथांनी मात्र रामेश्वर तेथेच पावला असे मानले. यात्रेचा संकल्प आणि समोरचा तहानेला जीव यांत निवड करायची वेळ आली तेव्हा नाथांनी काय निवडले, हे दिंडीचालकाने ध्यानात ठेवावे.

डॉक्टरांसमोर गेल्यावरही संकोच नको. कधीपासून, कोठे, कशाने वाढते, कशाने कमी होते, आधी कोणते औषध घेतले, हे सरळ सांगावे. घेतलेला काढा, भस्म किंवा दुकानातून आणलेली गोळी लपवू नये. सगळ्यांत जास्त भीती ज्याची वाटते ते पहिल्यांदा सांगावे. निघताना उंबऱ्यात उभे राहून सांगायची आपल्याला खोड आहे. तपासणीत काही निघाले नाही तर "उगाच गेलो" असे मानू नये. काही नाही हे कळणे हाही लाभच आहे.

तात्पर्य

देह देवाच्या कामासाठी मिळाला आहे आणि तो एक दिवस जाणारच आहे. पण वेळेवर एक शब्द न बोलल्यामुळे तो जावा, असे कोणत्याही संताने सांगितलेले नाही. नवे, वाढते आणि न उतरणारे दुखणे सांगावे. छाती, लकवा, ऊन, साप यांत घटका मोजू नये, १०८ ला फोन करावा. जुलाब, मधुमेह्याची जखम, कडक ताप यांत दिवस मावळू देऊ नये. गाठ, व्रण, खोकला, अंगावरून जाणे यांत पंधरवडा उलटू देऊ नये.

हा लेख वाचून झाल्यावर वाचकाने एकच करावे. आपल्या मनात असे एखादे न सांगितलेले दुखणे असेल तर ते आज हरिपाठानंतर घरातल्या एका माणसाला सांगावे, आणि घरातल्या सर्वांत अबोल माणसाला त्याचे विचारावे. पांडुरंग विटेवर उभा आहे. तेवढा वेळ तो निश्चित थांबेल.

रामकृष्णहरि.